थांबवता येणं ही पात्रता कोण तपासणार?

2004 च्या फेब्रुवारीत अमेरिकी लष्कराने कोमान्चे या टेहळणी हेलिकॉप्टरचा प्रकल्प बंद केला. 1983 मध्ये सुरू झालेला विचार, उडणारे दोन नमुने आणि तोवर खर्ची पडलेले सुमारे 6.9 अब्ज डॉलर, एवढा पसारा होता. महागडे लष्करी प्रकल्प बंद पडतात, त्यात नवल नाही. नवल याचं की इथे बंद करण्याची शिफारस खुद्द लष्कराने केली. खांद्यावरून डागल्या जाणाऱ्या क्षेपणास्त्रांपुढे हेलिकॉप्टरं किती उघडी पडतात हे इराकमध्ये दिसत होतं, आणि टेहळणीचं बरंचसं काम ड्रोन करू लागले होते. लष्करप्रमुख जनरल पीटर शूमेकर यांनी हेलिकॉप्टरांचा सगळा ताफा एकत्र समोर ठेवून पाहिला. कोमान्चेसाठी पुढच्या वर्षांत राखून ठेवलेले सुमारे 14.6 अब्ज डॉलर त्याच ताफ्यात फिरवायचे ठरले. त्यातून सुमारे 800 नवी हेलिकॉप्टरं घ्यायची, 1,400 जुनी सुधारायची आणि क्षेपणास्त्रांपासून बचावाची साधनं बसवायची.

दोनच वर्षांपूर्वी याच लष्कराचं वागणं वेगळं होतं. क्रुसेडर ही स्वयंचलित तोफ संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांनी 2002 मध्ये रद्द करायला घेतली, तेव्हा तिच्या बचावाचे मुद्दे लष्कराच्या कार्यालयातूनच संसद सदस्यांकडे पोचवले गेले आणि त्याची पुढे चौकशी झाली. तोफेवर तोवर जवळपास 2 अब्ज डॉलर गेले होते.

संस्था तीच, अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण तेच, प्रमाणपत्रंही तीच. एका वेळी मुळीच सोडायचं नाही म्हणून धडपड, दुसऱ्या वेळी स्वतःहून सोडून पैसा दुसरीकडे नेण्याची हिंमत. हा फरक पोर्टफोलिओ सांभाळणाऱ्यांसाठीच्या कोणत्याही पात्रता-निकषांच्या यादीत सापडत नाही, आणि माझी तक्रार नेमकी तिथेच आहे.

इथे पोर्टफोलिओ म्हणजे शेअर आणि रोख्यांची पिशवी नव्हे. एखाद्या संस्थेने एकाच वेळी हाती घेतलेले सगळे प्रकल्प आणि कार्यक्रम, त्यांच्यात वाटून दिलेला पैसा, माणसं आणि वेळ, या सगळ्यांचा एकत्रित विचार म्हणजे पोर्टफोलिओ. प्रकल्पाचा व्यवस्थापक हातातलं काम नीट करतो. पोर्टफोलिओ सांभाळणाऱ्याला त्याआधीचा प्रश्न पडायला हवा: हे काम करावं का, आणि हे केलं तर कोणतं करायचं नाही? दोन्ही कामांना हुशारी लागते, पण ती एकाच जातीची नाही. पहिल्या कामात चिकाटी हा गुण असतो. दुसऱ्यात तीच चिकाटी अंगाशी येते. तरीही जगभर पोर्टफोलिओच्या खुर्चीत बसवली जातात ती प्रकल्प तडीस नेण्यात नाव कमावलेली माणसं.

या खुर्चीची लायकी कशी ठरवायची, याची दोन मोठी उत्तरं आज उपलब्ध आहेत. एक नागरी व्यवसायाने तयार केलेलं, दुसरं लष्करी यंत्रणेने. दोघांची तुलना करताना कोणतं सरस हा वाद सहसा होतो. मला तो फारसा महत्त्वाचा वाटत नाही. दोघांनीही मधलीच गोष्ट सोडून दिली आहे, हे मला जास्त खुपतं.

नागरी बाजूचं सर्वांत ओळखीचं माप म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट या संस्थेचं पोर्टफोलिओ व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र. संस्थेने पोर्टफोलिओचं मानक पहिल्यांदा 2006 मध्ये काढलं आणि प्रमाणपत्र 2014 मध्ये आणलं. अट सोपी नाही. व्यवसायातला 8 वर्षांचा अनुभव हवा. पदवीधरांना त्याखेरीज प्रत्यक्ष पोर्टफोलिओच्या कामाचे 6,000 तास दाखवावे लागतात, पदवी नसेल तर 10,500. उमेदवाराने आपल्या अनुभवाचं लेखी वर्णन द्यायचं, ते जाणकारांचं मंडळ वाचणार, ते पटलं तरच परीक्षा. परीक्षा चार तासांची, 170 प्रश्नांची, आणि गुणांची विभागणीही ठरलेली: धोरणाशी सांगड 25 टक्के, प्रशासकीय चौकट 20, पोर्टफोलिओची कामगिरी 25, जोखीम 15, संवाद 15.

यातला जाणकारांच्या मंडळाचा टप्पा मला मनापासून आवडतो. नुसत्या पाठांतरावर निभावून जायची सोय तो कमी करतो. तुम्ही काय केलंत ते सांगा, असं विचारणारी व्यावसायिक परीक्षा विरळाच. पण पुढे ती कुठे अडते पाहा. हे प्रमाणपत्र माणसाचं असतं, खुर्चीचं नसतं. एखाद्याकडे ते असेल आणि त्याच्या संस्थेत त्याला एक रुपयासुद्धा इकडचा तिकडे करण्याचा अधिकार नसेल, तरी प्रमाणपत्र खरंच राहतं. मंडळासमोर ठेवलेल्या वर्णनात त्याने प्राधान्यक्रम कसा लावला, अहवाल कसे बसवले, समित्या कशा चालवल्या हे येतं. त्याच्या सांगण्यावरून काय थांबलं, हे सांगणं मात्र सक्तीचं नाही.

युरोपात रुजलेल्या इंटरनॅशनल प्रोजेक्ट मॅनेजमेंट असोसिएशनने 2015 च्या आपल्या चौथ्या आधाररेखेत, म्हणजे क्षमतांच्या मानकात, प्रकल्प, कार्यक्रम आणि पोर्टफोलिओ यांची क्षमता वेगवेगळी मांडली, आणि परिस्थितीचं भान, माणसं आणि कामाची पद्धत असे तीन गट केले. माणसांच्या गटात वाटाघाट, संघर्ष, सचोटी असे घटक आहेत. म्हणजे नागरी विचार निव्वळ तक्त्यांचा आहे असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण मूळ अडचण तिथेही तशीच राहते. ती चौकट माणूस मोजते आणि त्याच्या हातातला अधिकार गृहीत धरते.

लष्करी बाजूची सुरुवात उलट टोकाकडून झाली. 1986 च्या पॅकार्ड आयोगाने अमेरिकेच्या शस्त्रखरेदीतल्या गोंधळावर बोट ठेवलं, 1988 मध्ये लाचखोरीचा मोठा तपास उघड झाला, आणि 1990 मध्ये संसदेने खरेदी करणाऱ्या मनुष्यबळाच्या सुधारणेचा कायदा केला. त्याने आधी खुर्च्यांची यादी केली आणि मग त्या खुर्चीत कोण बसू शकतं ते लिहिलं. मोठ्या शस्त्रप्रणालीच्या कार्यक्रमाचा प्रमुख व्हायचं तर खरेदीच्या कामातली 8 वर्षं, त्यातली 2 कार्यक्रम-कार्यालयात. अनेक कार्यक्रमांवरच्या अधिकाऱ्याला 10 वर्षं, त्यातली 4 महत्त्वाच्या पदावर, शिवाय आधी एखाद्या कार्यक्रमाचा प्रमुख किंवा उपप्रमुख म्हणून काम केलेलं हवं. खुर्चीत किती काळ बसायचं हेही कायद्यानेच सांगितलं: महत्त्वाच्या पदावर किमान 3 वर्षं, मोठ्या कार्यक्रमाच्या प्रमुखाने साधारण 4 वर्षांच्या आसपासचा टप्पा गाठेपर्यंत. सतत शिकण्याची सक्तीही कडक आहे, दर दोन वर्षांत 80 तास. नागरी प्रमाणपत्र टिकवायला तीन वर्षांत 60 पुरतात.

कागदावर हे माप मला अधिक शहाणपणाचं वाटतं. क्षमता आणि अधिकार यांची गाठ त्याने मारली, आणि निर्णयाचे परिणाम दिसेपर्यंत माणूस जागेवर असावा हे ओळखलं. आता प्रत्यक्षात काय झालं ते पाहू. अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने मार्च 2001 नंतर सुरू झालेले 39 मोठे कार्यक्रम तपासले. विकासाच्या टप्प्यात प्रमुखाचा सरासरी कार्यकाळ सुमारे 17 महिने निघाला, म्हणजे ठरवलेल्या मुदतीच्या निम्म्याहूनही कमी. दीड वर्षात माणूस काय करणार? आल्यावर समजून घ्यायला काही महिने, जायच्या आधी आवराआवर करायला काही महिने. मधल्या दिवसांत एखादं काम बंद करण्याची किंमत त्याला मोजावी लागते आणि बंद केल्याचा फायदा त्याच्यानंतर येणाऱ्याला मिळतो. कोणताही सुज्ञ माणूस अशा वेळी घोंगडं भिजत ठेवेल. लष्करात बदली आणि बढती हाच कारकिर्दीचा कणा असल्यामुळे हे कुणा एकाच्या भित्रेपणावर ढकलून चालणार नाही. ती रचनाच तसं वागायला शिकवते.

अधिकाराची गाठही पोर्टफोलिओच्या पातळीवर सुटलेली आहे. 2008 च्या सप्टेंबरमध्ये पेंटागॉनने क्षमतांच्या पोर्टफोलिओचं व्यवस्थापन करण्याचा स्वतंत्र निर्देश काढला आणि एकेका क्षमतेसाठी व्यवस्थापक नेमले. त्यांना काय करता येत होतं? वरच्यांना शिफारस. भूदल, नौदल, हवाईदल आपापल्या तरतुदी आखत राहिले. लेखापरीक्षण कार्यालयाने 2007 मध्ये एकात्मिक पोर्टफोलिओची गरज सांगितली होती. 2015 मध्ये त्याच कार्यालयाला पुन्हा लिहावं लागलं की विखुरलेली चौकट, नेतृत्वातलं असातत्य आणि निर्णयाच्या अधिकाराचा अभाव यांमुळे हे काम नीट होत नाही. त्या तपासणीत फूटपट्टी म्हणून प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटच्या मानकाचाही आधार घेतला होता. लष्कराचं काम मोजायला नागरी माप चाललं, आणि ते चाललं म्हणून कुठे काही बिघडलं नाही.

म्हणून 2016 चा एक कायदा मला चुकीचा वाटतो. संघराज्याच्या नागरी खात्यांत कार्यक्रमांचं व्यवस्थापन सुधारावं, त्यासाठीची कौशल्यं आणि क्षमता ठरवाव्यात, खात्यांच्या पोर्टफोलिओंचा दरवर्षी आढावा घ्यावा, असं अमेरिकी संसदेने त्या डिसेंबरमध्ये कायद्याने सांगितलं. उद्देश उत्तम. पण जिथे लष्करी मनुष्यबळाच्या जुन्या कायद्याशी पुनरुक्ती होईल तिथे संरक्षण खात्याला त्यातून सूट दिली. सरकार एक, तिजोरी एक, आणि एकाच कामाच्या लायकीच्या दोन याद्या. त्यातही एक विसंगती अशी की संरक्षण खात्याच्या खरेदी-मनुष्यबळातले सुमारे 90 टक्के लोक गणवेशातले नाहीतच, ते नागरी कर्मचारी आहेत. ज्याला आपण लष्करी माप म्हणतो ते मोजतं प्रामुख्याने नागरी माणसांना. वेगळेपण गणवेशाचं आहे हा युक्तिवाद तिथेच लंगडा पडतो.

विरुद्ध बाजूचं म्हणणं मी हलकं मानत नाही. लष्करातली माणसं सांगतात की कंपनीपाशी सगळ्या प्रकल्पांना लावता येईल असं एक माप असतं, पैसा. पाणबुडी आणि रणगाडा यांचा परतावा एका रकान्यात मांडता येत नाही. ते कधी वापरावेच लागू नयेत हीच त्यांची सर्वांत मोठी कमाई असू शकते. हे खरं आहे. दुसरं, कंपनीचा स्पर्धक बाजारात असतो, तर सैन्याचा शत्रू तुमची यादी वाचून स्वतःची यादी बदलतो. हेही खरं. तिसरं मला सर्वांत वजनदार वाटतं: लष्करी पैशाला वेगवेगळे रंग असतात. संशोधनाची तरतूद साधारण दोन वर्षं वापरता येते, खरेदीची तीन, युद्धनौकांची पाच, दैनंदिन खर्चाची एकच. एका ओळीतली रक्कम ठराविक मर्यादेपलीकडे दुसऱ्या ओळीत न्यायची तर संसदेच्या समित्यांकडे जावं लागतं. आखणी सुरू होते ती पैसा हातात येण्याच्या सुमारे दोन वर्षं आधी. संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनामारा यांच्या काळात, 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला, घातलेली ही घडी आजही बरीचशी तशीच आहे.

हे सगळं मान्य करूनही निष्कर्ष बदलत नाही. एकच माप नसणं हे वेगळी मोजपट्टी मागण्याचं कारण होऊ शकत नाही. नागरी सरकारी खात्यांतही नसतं. धरण आणि लसीकरण यांची तुलना एका आकड्यात कोण करू शकतो? रुग्णालयं, विद्यापीठं, धर्मादाय संस्था सगळ्याच असमान गोष्टींची तुलना करत असतात. म्हणजे असमान गोष्टींमध्ये निवड करता येणं हा पोर्टफोलिओच्या क्षमतेचा गाभा आहे आणि तो सर्वांना समान आहे. तरतुदींचे नियम वेगळे असतील तर त्यांचं ज्ञान वेगळं तपासा. ते कामाचं ज्ञान झालं. निर्णयक्षमता ही दुसरी गोष्ट आहे.

आणि शत्रूच्या मुद्द्याचं तर उलटच आहे. शत्रू बदलतो म्हणूनच सैन्याला थांबवण्याची क्षमता इतरांपेक्षा जास्त लागते. हवाईदलाचे अधिकारी बर्नार्ड श्रीवर यांनी 1954 पासून अमेरिकेच्या आंतरखंडीय क्षेपणास्त्रांचा कार्यक्रम चालवला तो असाच. ॲटलस फसलं तर हाताशी काही असावं म्हणून त्यांनी टायटन समांतर चालू ठेवलं, आणि घन इंधनाच्या मिनिटमनचं काम 1958 मध्ये सुरू झालं. मिनिटमन 1962 मध्ये तैनात झालं आणि 1965 पर्यंत ॲटलस आणि टायटन-1 सेवेतून निघालेही. नुकती उभी केलेली यंत्रणा, अजून रंगही न उडालेली, पुढची चांगली आली म्हणून बाजूला ठेवली गेली. हे पाहून आज आश्चर्य वाटतं, कारण तशी सवय दोन्ही जगांतून निघून गेली आहे. समांतर काम चालवायचं ते विमा म्हणून, आणि विम्याची गरज संपली की थांबायचं. ही शिस्त कोणत्या परीक्षेत विचारली जाते?

नागरी जगातलं एक उदाहरण इथे फार बोलकं आहे. ॲस्ट्राझेनेका या औषध कंपनीने 2011 च्या सुमारास आपल्या संशोधनाचा पोर्टफोलिओ उलटासुलटा करून पाहिला. त्याआधी तिथे संभाव्य औषधांचे किती रेणू पुढच्या टप्प्यात गेले यावर गटांचं कौतुक होत असे. साहजिकच रेणू पुढे जात राहिले, कच्चे असले तरी. कंपनीने पाच प्रश्न ठरवले: लक्ष्य योग्य आहे का, औषध योग्य ऊतीपर्यंत पोचतं का, सुरक्षित आहे का, रुग्ण योग्य निवडलेत का आणि बाजारात त्याला जागा आहे का. यांची उत्तरं लवकर शोधायची, नकार आला तर लवकर थांबायचं. प्रकल्पांची संख्या घटली. निवडलेल्या रेणूपासून तिसऱ्या टप्प्याची चाचणी पार होण्यापर्यंतचं यश 2005 ते 2010 या काळात 4 टक्के होतं, ते 2012 ते 2016 मध्ये 19 टक्के झालं. शास्त्रज्ञ बदलून एवढा फरक पडला नव्हता. शाबासकी कशाबद्दल मिळते ते बदललं, आणि थांबणं हे अपयश राहिलं नाही.

आता लष्करातली बढती आणि त्या कंपनीतली जुनी शाबासकी शेजारी ठेवून पाहा. रोग एकच दिसतो. सुरू केलेलं पुढे नेणाऱ्याला मान, थांबवणाऱ्याच्या वाट्याला संशय. शूमेकर यांचा कोमान्चेचा निर्णय मी पुन्हा पुन्हा आठवतो तो यासाठी. ते 2000 मध्ये निवृत्त झाले होते आणि 2003 मध्ये त्यांना परत बोलावून लष्करप्रमुख केलं गेलं. पुढे मिळवायचं असं त्यांच्यासमोर काही उरलं नव्हतं. निर्णय केवळ त्यामुळेच झाला असं मी म्हणणार नाही; ताफ्याचा अभ्यास झाला होता, वाचलेला पैसा लष्कराच्या हेलिकॉप्टरांवरच राहील असं आश्वासनही वरून मिळालं होतं. पण बढतीची चिंता नसलेला माणूस, हाती अधिकार आणि पैसा हातचा जाणार नाही याची खात्री, या तीन गोष्टी एकत्र आल्या. एरवी त्या क्वचितच एकत्र येतात.

त्या कधी जाणीवपूर्वक एकत्र आणता येतात का? 2018 मध्ये अमेरिकी लष्कराने तो प्रयत्न केला. लष्कर सचिव मार्क एस्पर, लष्करप्रमुख मार्क मिली आणि त्या दोघांच्या हाताखालचा एकेक दुय्यम, असे चौघे एका खोलीत तासन्‌तास बसले. अधिकाऱ्यांनी त्या बैठकांना रात्रीचं न्यायालय म्हणायला सुरुवात केली. लष्कराने सहा अग्रक्रम ठरवले होते: दूर पल्ल्याचा मारा, नवी चिलखती वाहनं, नवी हेलिकॉप्टरं, संपर्कजाळं, हवाई संरक्षण आणि पायदळाच्या सैनिकाची ताकद. अंदाजपत्रकातला एकेक कार्यक्रम, अगदी किरकोळ रकमेचासुद्धा, या सहांपुढे ठेवला गेला. हा पैसा इथे राहिला तर जास्त उपयोगी की वरच्या सहांपैकी एकाकडे गेला तर? कार्यक्रम वाईट आहे का, असं कुणी विचारत नव्हतं. बहुतेक चांगलेच होते, आणि चांगल्या कामाला नाही म्हणणं हेच तर अवघड. त्या फेरीत 186 कार्यक्रम रद्द झाले, आटले किंवा लांबणीवर गेले आणि पाच वर्षांतले सुमारे 30 अब्ज डॉलर मोकळे झाले.

या प्रयोगात दोष नव्हते असं नाही. सहा अग्रक्रमच चुकले असतील तर? नव्या हेलिकॉप्टरांतला टेहळणीचा एक कार्यक्रम लष्कराने फेब्रुवारी 2024 मध्ये, सुमारे 2 अब्ज डॉलर खर्चून झाल्यावर, स्वतःच बंद केला. युक्रेनच्या रणभूमीने टेहळणीचं गणित बदललं होतं. पण मला यातही आशाच दिसते. आपल्याच अग्रक्रमातली गोष्ट परिस्थिती बदलल्यावर सोडता आली. कोमान्चेनंतर वीस वर्षांनी पुन्हा टेहळणी हेलिकॉप्टर सोडताना संस्थेने आरडाओरडा केला नाही.

खरा दोष वेगळा होता. ते न्यायालय चार माणसांच्या मर्जीवर उभं होतं. ती वर गेली, बदलली, की सवय टिकेल याची हमी नाही. मानकांचं काम इथे सुरू होतं. मोठ्या माणसाने एकदा केलं ते मध्यम कुवतीच्या माणसालाही दरवर्षी करता यावं, यासाठीच तर मानकं असतात.

म्हणून माझा आग्रह असा. लष्करी आणि नागरी, दोन्ही ठिकाणी पोर्टफोलिओच्या पात्रतेचा गाभा एकच ठेवावा आणि त्यात उमेदवाराच्या निर्णयांची नोंद तपासावी. गेल्या काही वर्षांत तुम्ही काय थांबवलंत किंवा थांबवायला सांगितलंत? कोणत्या पुराव्यावर? मोकळी झालेली माणसं आणि पैसा कुठे गेला? थांबवायला हवं होतं असं आता वाटतं, पण थांबवलं नाही, असं काय होतं, आणि का? शेवटचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. याची उत्तरं पर्यायांच्या चौकोनांत भरता येत नाहीत. नागरी संस्थेकडे जाणकारांचं मंडळ आधीच आहे. त्याच्यासमोर हे प्रश्न ठेवायला नवी यंत्रणा लागणार नाही. लष्कराकडे युद्धखेळांची जुनी परंपरा आहे, ज्यात कल्पित शत्रू तुमची योजना मोडतो. उमेदवाराला एक पोर्टफोलिओ द्या, मध्येच शत्रूची चाल बदला, तरतूद पाचव्या हिश्श्याने कापा, आणि तो काय सोडतो ते पाहा. नागरी उमेदवारालाही यातून नेलं तर त्याचं भलंच होईल.

लष्कराकडून नागरी जगाने घ्यायची गोष्ट म्हणजे खुर्चीचा हिशेब. एखाद्या पदाला पोर्टफोलिओचं नाव द्यायचं तर त्याच्या हाती किती पैसा फिरवण्याचा अधिकार आहे ते आधी लिहा. अधिकार शून्य असेल तर ते पद अहवाल लिहिणाऱ्याचं आहे. अहवाल लिहिणं हे सन्मानाचं काम आहे, पण त्यासाठी वेगळी पात्रता लागते. आणि लष्कराने स्वतःच्याच कायद्यातली मुदत पाळावी. बढती थांबू नये म्हणून बदली करावी लागत असेल, तर बढतीचा नियम बदलावा. नौदलाच्या अणुभट्ट्यांच्या कार्यक्रमात हायमन रिकोव्हर तीन दशकांहून अधिक काळ राहिले आणि त्यांच्यानंतर त्या पदाला आठ वर्षांची मुदत ठरली. रिकोव्हर यांच्या एकाधिकाराचे तोटे होतेच, पण दीर्घ मुदतीने आरमार बुडालं नाही.

विरोधाची तयारीही पात्रतेत धरायला हवी. मरीन कोअर या अमेरिकेच्या सागरी सैन्यदलाचे तत्कालीन प्रमुख जनरल डेव्हिड बर्गर यांनी 2020 मध्ये आपले सगळे रणगाडे सोडायचं आणि तोफांच्या 21 तुकड्या 5 वर आणायचं जाहीर केलं, तेव्हा निवृत्त सेनानींची एक पिढी त्यांच्यावर तुटून पडली. बर्गर यांची दिशा बरोबर की चूक हा वाद अजून चालू आहे, आणि टीका करणाऱ्यांचे काही मुद्दे मला पटतात. पण त्यांनी कारणं लिहून काढली, उघड मांडली, त्यांवर हल्ला होऊ दिला. नागरी परीक्षेत संवादाला 15 टक्के गुण आहेत. त्यातले किती गुण नको असलेली बातमी सांगण्यासाठी आहेत, हे परीक्षा ठरवणाऱ्यांनी तपासावं.

2025 च्या नोव्हेंबरमध्ये पेंटागॉनने अनेक कार्यक्रमांवरच्या अधिकाऱ्यांच्या जागी पोर्टफोलिओचे प्रमुख नेमण्याची आणि त्यांना आपल्या कक्षेत पैसा फिरवण्याची मोकळीक देण्याची घोषणा केली. जानेवारी 2019 मध्ये संसदेने नेमलेल्या एका तज्ज्ञ मंडळाने हीच सूचना केली होती. अधिकाराची अर्धी गाठ त्यामुळे बांधली जाईल, बाकीची अर्धी संसदेच्या तरतूद समित्यांच्या हातात आहे. त्या समित्या अजून ओळीओळीने पैसा देतात, आणि प्रत्येक ओळीमागे कुणाच्या तरी मतदारसंघातला कारखाना उभा असतो. नव्या प्रमुखांनी वर्षाच्या मध्यावर एक कार्यक्रम थांबवून दुसऱ्याला पैसा दिला आणि त्या समित्यांनी तो परत पहिल्या ओळीत बसवला, तर प्रमुखाच्या पात्रतेचा प्रश्न गौणच ठरेल. म्हणून पोर्टफोलिओची तरतूद एकगठ्ठा मंजूर करायची आणि वर्षाअखेरीस काय थांबवलं, पैसा कुठे गेला याचा लेखी जाब मागायचा, हा बदल संसदेने नेमणुकांच्या आधी करायला हवा होता. तो अजूनही करता येईल, आणि नागरी खात्यांसाठी 2016 चा कायदा दुरुस्त करताना त्याच कलमात संरक्षण खात्याची सूटही काढून टाकता येईल.